बाकावरून दिसणारं रुग्णालय

मराठी मालिका नेमाने पाहणाऱ्या कुणालाही एक दृश्य न बघता सांगता येईल. ऑपरेशन थिएटरच्या दारावरचा लाल दिवा विझतो. बाहेर बसलेलं सगळं घर एकदम उभं राहतं. डॉक्टर मास्क खाली ओढत येतात, पुढचे चोवीस तास महत्त्वाचे आहेत असं सांगतात आणि निघून जातात. मग सासू सुनेकडे बघते आणि गोष्ट पुन्हा घरात शिरते. दाराआड डॉक्टरांच्या हाताखाली कोण होतं, भूल कुणी दिली, रात्रपाळीच्या सिस्टरने त्या वेळी आणखी किती पेशंट सांभाळले, डिपॉझिटचे पैसे कुठून उभे केले, यातलं काहीच आपल्याला कळत नाही.

हे पुस्तक त्या दाराच्या दोन्ही बाजूंविषयी आहे. टेलिव्हिजनवरच्या रुग्णालयकथेला आता सत्तर वर्षं उलटून गेली. मराठी वाचकाला तिची सलग ओळख करून द्यावी, हा या संग्रहाचा पहिला हेतू. दुसरा हेतू मला जास्त जिव्हाळ्याचा वाटतो: आपल्याकडच्या पडद्याने रुग्णालय कुठे बसून पाहिलं, हे तपासणं. माझं म्हणणं असं आहे की आपण ते बाहेरच्या बाकावर बसून पाहिलं, नातेवाइकांच्या नजरेने. अमेरिकेने ते आत शिरून, डॉक्टरांच्या खांद्यामागे उभं राहून पाहिलं. मराठीत जे उत्तम झालं ते या बाकामुळे झालं आणि जे राहून गेलं तेही त्यामुळेच.

आधी या प्रकाराची घडण समजून घेऊ. कौटुंबिक मालिकेत माणसं तीच राहतात आणि त्यांच्यावर प्रसंग येत जातात. रुग्णालयाच्या मालिकेत वास्तू आणि तिथे काम करणारी माणसं कायम असतात, पेशंट येतो आणि जातो. त्यामुळे लेखकाला दर भागात नवी गोष्ट सुरू करून संपवता येते, आणि त्याच वेळी डॉक्टर-परिचारिकांची आयुष्यं महिनोन्‌महिने सावकाश उलगडता येतात. शिवाय कॅज्युअल्टीच्या दारातून कुणीही आत येऊ शकतं. मंत्री येतो, रस्त्यावर झोपणारा येतो, चोर येतो आणि त्याला पकडणारा शिपाईही येतो. समाजाचे इतके थर एका छताखाली आणायला दुसऱ्या कुठल्या मालिकेला इतकं सोपं निमित्त सापडत नाही.

१९५४ साली अमेरिकेत 'मेडिक' ही मालिका सुरू झाली, तेव्हा लॉस एंजेलिसमधल्या डॉक्टरांची संघटना तिच्या संहिता तपासून देत असे. पुढच्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने अशा कार्यक्रमांसाठी सल्लागार समिती नेमली. वैद्यकीय तपशील अचूक राहिले हा त्याचा फायदा झाला. तोटा असा की पडद्यावरचा डॉक्टर चुकेनासाच झाला. १९६१ साली आलेल्या 'डॉ. किल्डेअर' आणि 'बेन केसी' या मालिकांमध्ये हा देवमाणूस पूर्ण घडलेला दिसतो. आपल्याकडे त्याच जातीचा नायक त्याआधीच आला होता. सोलापूरच्या द्वारकानाथ कोटणीसांवर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली काढलेला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा त्यागी डॉक्टरचाच चित्रपट, आणि ती भूमिका शांतारामांनी स्वतः केली. इंग्लंडमध्ये १९५७ साली सुरू झालेल्या 'इमर्जन्सी वॉर्ड टेन'ची चाल निराळी होती. तिथे पहिल्यापासून परिचारिकांना कथेत मोठी जागा मिळाली.

देवमाणसाला पहिला धक्का दिला 'मॅश'ने. कोरियातल्या लष्करी शल्यतळाची ही गोष्ट १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षं चालली. मूळ युद्ध तीनच वर्षं चाललं होतं. मग १९८२ साली 'सेंट एल्सव्हेअर' आली. बॉस्टनमधलं एक खंगलेलं रुग्णालय, थकलेले डॉक्टर, न बरे होणारे पेशंट, आणि नायक म्हणावा असा कुणी एक नाहीच. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं निर्णायक वळण हेच. इथून पुढे रुग्णालय ही संस्था म्हणून दिसू लागली, जिच्यात पैसे कमी पडतात, खाती एकमेकांशी भांडतात आणि चांगला माणूसही चुकतो. 'ईआर' त्याच वाटेवरची. मायकेल क्रायटन यांनी वैद्यकीय शिक्षण घेतलं होतं. तेव्हाच्या अनुभवांवरून १९७४ साली लिहिलेली त्यांची पटकथा वीस वर्षं पडून होती. १९९४ साली ती पडद्यावर आली आणि पंधरा सीझन चालली. स्ट्रेचरबरोबर धावणारा कॅमेरा आणि कुणी समजावून न सांगता कानावर आदळणारी औषधांची नावं ही तिने रूढ केलेली रीत आज सगळीकडे दिसते.

त्यानंतरचे दोन प्रवाह थोडक्यात सांगता येतील. २००४ सालच्या 'हाउस'ने आजाराला गुन्ह्यासारखं वागवलं आणि डॉक्टरला गुप्तहेर केलं. २००५ साली सुरू होऊन अजून चालू असलेल्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ने शिकाऊ डॉक्टरांची प्रेमं, मत्सर आणि मैत्री पुढे आणली. २००२ ची 'संजीवनी' आणि २००७ ची 'दिल मिल गये' या आपल्याला माहीत असलेल्या हिंदी मालिकांचा ओढाही प्रेमकथेकडेच होता. त्यांच्या आधी, १९९१ साली, विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी डॉक्टरांच्या जगावर 'लाइफलाइन' केली होती. मराठी रंगभूमीवर घडलेल्या एका मोठ्या दिग्दर्शिकेला हा विषय खुणावला, आणि तरीही मराठीत त्यामागून काही उगवलं नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

खंत अधिक वाटते ती मी राहतो त्या पेठेमुळे. सदाशिव पेठेत नाटक आणि दवाखाना शेजारीशेजारी नांदत आले आहेत. अलका टॉकीजच्या चौकापासून पूना हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर, आणि भरत नाट्य मंदिर तिथून चालत जाण्याइतकं जवळ. त्याच भरत नाट्य मंदिरात १६ डिसेंबर १९७२ रोजी 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. दिग्दर्शक जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ, दोघेही बी. जे. मेडिकल कॉलेजचे. सतीश आळेकर त्याच कॉलेजात बायोकेमिस्ट्रीचे संशोधन अधिकारी होते. त्यांच्या आधीच्या पिढीतले श्रीराम लागू कान-नाक-घशाचे शल्यविशारद. पुण्यात आणि आफ्रिकेत प्रॅक्टिस करून १९६९ पासून ते पूर्णवेळ नट झाले. काशीनाथ घाणेकर दंतवैद्य होते. इतके डॉक्टर ज्या रंगभूमीला मिळाले, तिच्यावर वॉर्ड मात्र क्वचितच उभा राहिला. डॉक्टर मंडळी ओपीडी संपवून तालमीला येत ती बहुधा ओपीडीपासून सुटका म्हणूनच. रंगमंचावर त्यांना सत्ता, इतिहास, बाप-मुलगा, स्त्री-पुरुष हे विषय हवे होते. अजित दळवींचं 'डॉक्टर! तुम्हीसुद्धा' हे वैद्यकीय व्यवसायाला थेट प्रश्न विचारणारं नाटक म्हणूनच एकटं उठून दिसतं. पुस्तकांत धीटपणा जास्त होता. डॉ. अरुण लिमये यांचं 'क्लोरोफॉर्म', डॉ. रवी बापट यांचं 'वॉर्ड नं. पाच, केईएम' आणि डॉ. अरुण गद्रे यांचं 'कैफियत' या पुस्तकांत आतल्या माणसांनी आतलं सांगितलं आहे. पटकथाकाराला आणखी काय हवं असतं?

पुण्याच्या आठवणीत रुग्णालयाची सुरुवातच भीतीने झाली, हेही विसरता येत नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये सोजीर घरात शिरत, रोगी शोधून काढत आणि प्लेगच्या इस्पितळात नेऊन टाकत. इस्पितळात गेलेलं माणूस परत येत नाही, अशी समजूत तेव्हा घराघरांत बसली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा चित्रपट प्लेग अधिकारी रँडच्या वधाचा आहे, पण त्या कृत्यामागचा संताप प्लेगच्या बंदोबस्तातूनच पेटला होता.

मराठी सिनेमाने बाकाची जागा पकडली आणि तिचं सोनं केलं. संदीप सावंत यांचा 'श्वास' पाहा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक यानेच मिळवून दिलं. कोकणातले आजोबा नातवाला घेऊन शहरातल्या रुग्णालयात येतात. परशाच्या डोळ्यांत कर्करोग आहे. शस्त्रक्रिया केली तर जीव वाचेल, दृष्टी जाईल. डॉक्टर साने कसबी आहेत, वाईट तर मुळीच नाहीत, फक्त त्यांच्याकडे वेळ नाही. ते सांगतात ते आजोबांना कळत नाही. आणि कळतं तेव्हा ते मुलाला सांगायचं कसं हे कळत नाही. मुलाला सांगितल्याशिवाय शस्त्रक्रिया करायची नाही, यावर डॉक्टर ठाम. दोघांच्या मध्ये उभी राहते ती आसावरी, रुग्णालयातली समाजसेविका. एकाचं वाक्य दुसऱ्यापर्यंत पोचवणं, हेच तिचं काम. पुढे आजोबा नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात, डोळे आहेत तोवर जग दाखवायला, आणि डॉक्टर संतापतात. तो संताप योग्य आहे आणि आजोबांचं जाणंही योग्य आहे. दोघांपैकी कुणालाही खलनायक न करता हे दाखवणं, याला मी मराठी रुग्णालयकथेचा कळस मानतो.

राजेश मापुस्करांच्या 'व्हेंटिलेटर'मध्ये (२०१६) तर बाक म्हणजेच रंगमंच. गणपती तोंडावर आलेत, घरातलं वडीलधारं माणूस व्हेंटिलेटरवर आहे, आणि आयसीयूबाहेर जमलेल्या कामेरकर कुटुंबात जुने हिशेब निघू लागतात. यंत्र चालू ठेवायचं की काढायचं, हा प्रश्न डॉक्टरांचा न राहता साऱ्या घराचा होतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर या पुण्याच्या जोडीने आणखी पुढचं पाऊल टाकलं. 'देवराई'त स्किझोफ्रेनिया, 'नितळ'मध्ये कोड, 'अस्तु'मध्ये स्मृतिभ्रंश: त्यांनी आजार रुग्णालयातून घरी आणला आणि सांभाळणाऱ्या माणसाला मध्यभागी बसवलं. 'अस्तु'मधल्या वृद्ध संस्कृत पंडिताची भूमिका मोहन आगाशे यांनी केली. एका मनोविकारतज्ज्ञाने विसरत चाललेला माणूस उभा करणं, यात पुण्याच्या नाट्यपरंपरेतलं दोन क्षेत्रांचं नातं अखेर पडद्यावर आलं.

म्हणजे बाक दिसला. आतलं कोण दाखवणार? मराठी वाहिन्यांना ते परवडत नाही, असं सांगितलं जातं, आणि त्यात तथ्य आहे. रोजच्या मालिकेचं गणित एका दिवाणखान्यावर आणि एका स्वयंपाकघरावर बसतं. वॉर्ड उभा करायचा तर खाटा भरायला माणसं हवीत, यंत्रं हवीत, सुई कशी धरायची हे दाखवायला शेजारी कुणीतरी जाणकार हवं. पण खर्च हे एकच कारण नाही. संस्थेच्या आतलं जगणं सांगण्याची सवयच आपण पुरेशी लावून घेतली नाही. जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'ने १९८२ साली महिलाश्रमाच्या निमित्ताने ते किती उत्तम करता येतं हे दाखवलं होतं: अधीक्षक, समिती, हिशेब, कुलपं, आणि या सगळ्यात अडकलेल्या बायका. त्या वाटेने रुग्णालयात कुणी शिरलं असतं तर!

म्हणूनच 'मुंबई डायरीज २६/११' या मालिकेचा पहिला सीझन पुस्तकाच्या मध्यभागी आहे. निखिल अडवाणी आणि निखिल गोन्साल्विस यांनी दिग्दर्शित केलेले हे आठ भाग २०२१ च्या सप्टेंबरमध्ये आले. मालिका हिंदी, पण रुग्णालय आपलं. 'बॉम्बे जनरल' हे सरकारी रुग्णालय काल्पनिक असलं तरी त्यातल्या गळक्या व्यवस्थेची ओळख महाराष्ट्रात कुणाला करून द्यावी लागत नाही. तीन शिकाऊ डॉक्टरांचा कामाचा पहिलाच दिवस आणि शहरावर हल्ला झालेली रात्र एकच. त्यातली सुजाता मृण्मयी देशपांडे यांनी केली आहे. मोहित रैना यांचे डॉ. कौशिक ओबेरॉय कुशल आणि नियम मोडणारे. जखमी पोलीस आणि जखमी अतिरेकी दोघेही त्यांच्यासमोर येतात, तेव्हा आधी कुणाला हात लावायचा हा प्रश्न वैद्यकशास्त्रापुरता उरत नाही. मालिकेत उणिवा आहेत. पार्श्वसंगीत भावना आधीच सांगून टाकतं, वृत्तवाहिनीची पत्रकार फारच सरधोपट रंगवली आहे. तरीही आतून पाहिलेलं सरकारी रुग्णालय इतक्या सलगपणे आपल्या पडद्यावर क्वचितच आलं आहे.

आणि तरी प्रत्यक्ष घडलेलं त्याहून मोठं होतं. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात अतिरेकी शिरले, तेव्हा परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात वीस गरोदर स्त्रिया होत्या. त्यांनी सगळ्यांना एका लहानशा खोलीत हलवलं आणि दिवे मालवले. त्यातल्या एकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा तिला धरून, भिंतीच्या कडेकडेने, त्यांनी प्रसूतिकक्षापर्यंत नेलं. पुढे कसाबविरुद्ध साक्ष दिली. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्या बोलल्या. त्या रात्री कामा रुग्णालयात ड्यूटीवरच्या सिस्टरने जे केलं ते कुठल्याही नायकाच्या वाट्याला शोभलं असतं; मालिकेचं केंद्र मात्र शल्यविशारदच राहतो. केईएमच्या परिचारिकांनी अरुणा शानभाग या आपल्या सहकारी बाईंना चाळीसहून अधिक वर्षं अंथरुणावर सांभाळलं, आणि न्यायालयातही त्यांच्या जगण्याच्या बाजूने त्या उभ्या राहिल्या. अशा परिचारिकांना केंद्रस्थानी ठेवून सीझन लिहिला जात नाही तोवर आपली रुग्णालयकथा अपुरीच राहील. जगात हे हळूहळू बदलतं आहे. पंधरा तासांची एकच पाळी पंधरा भागांत दाखवणाऱ्या 'द पिट' या २०२५ च्या अमेरिकी मालिकेत प्रमुख परिचारिकेचं पात्र डॉक्टरांच्या तोडीचं आहे, आणि ते करणाऱ्या अभिनेत्रीला एमी पारितोषिकही मिळालं.

हे सगळं आत्ताच का लिहायचं? कारण पडद्यावरचं रुग्णालय आपण खऱ्या रुग्णालयात बरोबर घेऊन जातो. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून त्याला परत आणण्याचे प्रसंग त्यात 'ईआर' आणि इतर दोन अमेरिकी कार्यक्रमांतून मोजले होते. पडद्यावर तातडीने वाचणाऱ्यांचं प्रमाण होतं ७५ टक्के. प्रत्यक्षात ते याच्या कितीतरी खाली असतं. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली की विजेचा झटका द्यायचा, हेही पडद्याचंच शास्त्र. तशा सपाट रेघेला झटका देत नाहीत. आयसीयूबाहेर बसलेल्या मुलाच्या डोक्यात ही दृश्यं असतात. आतून नकार आला की त्याला वाटतं, यांनी प्रयत्नच केले नाहीत.

पूर्वी हा गैरसमज मिटवणारा एक माणूस असे. पेठेतला फॅमिली डॉक्टर पेशंटबरोबर मोठ्या रुग्णालयात जाई, आतल्या डॉक्टरांशी बोले आणि बाहेर येऊन घरच्यांना समजेल अशा शब्दांत सांगे. घरातल्या मुलांचा तो डॉक्टरकाका असे, त्यामुळे त्याच्या शब्दावर विश्वास बसे. 'श्वास'मधली आसावरी जे करते तेच त्याचं काम. तो दुवा झिजला, वैद्यकीय सेवा १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने ग्राहक कायद्याखाली आली, कॅशलेसच्या मंजुरीसाठी नातेवाईक काउंटरवर ताटकळू लागले. रुग्णालयांवरचे हल्ले इतके वाढले की २०१० साली महाराष्ट्राला डॉक्टर आणि रुग्णालयांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा करावा लागला. मग कोविड आला. राज्यातले पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी पुण्यातच सापडले, आणि नंतर कित्येक महिने नातेवाइकांना बाकसुद्धा उरला नाही. आत काय चाललंय हे फोनवरच्या दोन वाक्यांवरून ताडायचं. त्या काळाने डॉक्टर आणि नातेवाईक या दोघांच्याही मनात जे साठवलं, त्याला अजून कथेत पुरेशी जागा मिळालेली नाही.

एक जुना पुणेरी खटला मला या संदर्भात वारंवार आठवतो. १९५३ च्या मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला एका शल्यविशारदाच्या रुग्णालयात आणलं, आणि त्याच रात्री तो दगावला. पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवलं, त्याने तो गेला, असा वडिलांचा आरोप. वडील स्वतः दौंडला प्रॅक्टिस करणारे डॉक्टर. म्हणजे बाकावर बसलेल्या माणसाला आतलं सगळं कळत होतं. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने वडिलांच्या बाजूने कौल दिला. भरपाई तीन हजार रुपये. डॉक्टरने पेशंटची काय काळजी घ्यायला हवी, हे सांगताना आजही देशभर त्या निकालाचा दाखला देतात. दोन डॉक्टर, एक मुलगा आणि पंधरा वर्षं. या गोष्टीला आतलं-बाहेरचं असा भेदच करता येत नाही, आणि आपल्याकडच्या लेखकांना मी ती नेहमी सुचवत असतो.

या संग्रहातले लेख लिहिणाऱ्यांमध्ये डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, पटकथा लिहिणारे आहेत आणि केवळ प्रेक्षक म्हणून लिहिणारेही आहेत. त्यांचं एकमत नाही. 'मुंबई डायरीज'मधल्या ज्या प्रसंगाला पटकथाकार दाद देतो, त्याच प्रसंगावर भूलतज्ज्ञ चिडते. दोन्ही लेख शेजारीशेजारी ठेवले आहेत. तमिळ, मल्याळम, बंगाली पडद्यावरचं रुग्णालय इथे जवळजवळ नाही. तो स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे. कोरियन आणि जपानी मालिकांचाही उल्लेख ओझरताच येतो. परिभाषेच्या बाबतीत रुग्णालयात जे बोलतात तेच ठेवलं आहे: कॅज्युअल्टी, केसपेपर, सलाईन, राउंड, मावशी, मामा.

नव्या वाचकाने 'श्वास' आणि 'मुंबई डायरीज'चा पहिला सीझन आधी पाहून मग पुस्तक हाती घ्यावं, हे बरं. लेख कुठल्याही क्रमाने वाचता येतील. मी मात्र सुरुवात रात्रपाळीवरच्या लेखापासून करायला सांगेन. तो एका निवृत्त परिचारिकेने लिहिला आहे, आणि मालिकेतल्या हेड नर्सच्या हातातली औषधांची ट्रॉली कुठे चुकते, इथपासून तो सुरू होतो.

सदाशिव पेठ, पुणे ३०